चष्म्यावरची दरी

माझ्या भाचीच्या चष्म्यावर चरा पडला, त्या दिवशी घरात आरोपी चार होते. तिच्या युनिफॉर्मच्या शर्टाचं टोक, आजीचा पदर, डब्याच्या पिशवीतला कागदी रुमाल आणि तिच्या बाबांचा कंपनीचा शर्ट. चौघांनीही त्या आठवड्यात तिचा चष्मा पुसला होता. चौघंही मऊ. आणि चरा उजव्या काचेवर, अगदी डोळ्यासमोर, नखभर लांब.

हे सगळं मला फार उशिरा कळलं, कारण भाचीनं आधी घरच्या घरी उपचार करून पाहिले होते. वर्गातल्या कुणीतरी सांगितलं, "टूथपेस्ट लाव, चरा जातो." हिनं बोटावर पेस्ट घेतली, दहा मिनिटं काच घासली, धुतली आणि खिडकीशी धरून पाहिली. चरा होता तिथेच होता. वर त्याच्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढा धुरकट ढग जमला होता. मग चष्मा माझ्याकडे आला. बिघडलेल्या वस्तूंचं आमच्या घरातलं शेवटचं स्टेशन म्हणजे मामा.

"मामा, आईला सांगू नकोस हं. फक्त चरा पुसून दे."

"चरा पुसता नाही येत गं."

"का? डाग पुसता येतो ना?"

सगळी गोम इथेच आहे. डाग म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा. शाई, तेल, बोटाचा ठसा. पाहुण्याला साबणपाणी दाखवलं की तो निघतो. चऱ्यात बाहेरून काहीच आलेलं नसतं, उलट तिथलं थोडंसं प्लॅस्टिक उठून गेलेलं असतं. जे नाहीच, ते पुसणार कसं? नाशिक फाट्यावरच्या रस्त्यातला खड्डा कुणी झाडूनं झाडायला लागलं, तर आपण हसू. चरा हाही खड्डाच. केसाच्या जाडीपेक्षाही अरुंद, पण त्याच्या मापानं पाहिलं तर लांबच लांब दरी.

दरी बुजवायचे मार्ग दोनच. एकतर ती भरायची, नाहीतर आजूबाजूचा सगळा डोंगर तासून तिच्या तळापर्यंत खाली आणायचा. आम्ही दोन्ही करून पाहिले. तुम्हीही करा, पण चष्म्यावर नको! कंपासपेटीतली जुनी पारदर्शक पट्टी घ्या. वर्षभर वापरलेली असेल, तर तिच्यावर चऱ्यांचं जंगल असेलच.

पट्टी उजेडात धरा. चरे पांढरे दिसतात. आता त्यांच्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाका आणि हलकेच पसरवा. चरे गायब!

भाचीनं हे पाहिल्यावर आनंदानं टाळीच वाजवली. "झालं की मग! चष्म्यालाही तेल लावू."

थांब जरा. आधी, झालं काय ते बघू. प्रकाश हवेतून प्लॅस्टिकमध्ये शिरताना वेग कमी करतो आणि म्हणून वळतो. हवेत तो जेवढा पळतो, त्याच्या दीडपट हळू तो या प्लॅस्टिकमधून जातो. दरीचे काठ वेडेवाकडे असतात, त्यामुळे तिथे शिरलेला प्रकाश भलत्याच दिशांना फेकला जातो. तो विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरी रेघ म्हणून दिसतो. तेल दरीत भरलं की मात्र मजा होते. खोबरेल तेलातला प्रकाशाचा वेग प्लॅस्टिकमधल्या वेगाच्या बराच जवळचा आहे. शास्त्रज्ञ ज्याला अपवर्तनांक म्हणतात, तो तेलाचा साधारण १.४५ आणि चष्म्याच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा १.५ च्या आसपास. प्रकाशाला तेल कुठे संपलं नि प्लॅस्टिक कुठे सुरू झालं, याचा पत्ताच लागत नाही. तो सरळ निघून जातो आणि दरी असूनही दिसत नाही. पाण्याचा आकडा १.३३. म्हणून पाण्याचा थेंब टाकला, तर चरे फिके होतात, पण तेलाइतके लपत नाहीत. दोन्ही शेजारीशेजारी टाकून बघा.

गाडीचं मेण चष्म्याला चोळा म्हणणारे लोक नकळत हेच करत असतात. मेण दरीत बसतं आणि चरा थोडा वेळ लपतो. पण काच धुतली की मेण निघतं, चरा परत हजर. शिवाय मेण फक्त दरीतच बसत नाही, सपाटीवरही पसरतं, आणि सगळं जग तुपकट दिसायला लागतं. त्यावर आपल्याकडची धूळ येऊन चिकटली, की मग बघायलाच नको.

धुळीचं नाव निघालं, तर आपल्या चार आरोपींकडे येऊ. हा तपास मला मनापासून आवडला.

१८१२ मध्ये फ्रिडरिख मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञानं एक साधा नियम वापरून खनिजांची रांग लावली: जो दुसऱ्याला ओरखडू शकतो, तो त्याच्यापेक्षा कठीण. सगळ्यात मऊ शंखजिरं, त्याला १ नंबर. सगळ्यात कठीण हिरा, त्याला १०. आपलं नख साधारण अडीचवर येतं, तांबं तीनच्या आसपास, चाकूचं पोलाद आणि खिडकीची काच साडेपाचच्या घरात, गारगोटी ७. या रांगेत चष्म्याचं प्लॅस्टिक अगदी खालच्या पायऱ्यांवर बसतं. (आपण अजून 'चष्म्याची काच' म्हणतो खरं, पण आता ती बहुतेकदा प्लॅस्टिकची असते. शब्द असे मागे राहतात. माझ्या आजोबांच्या तोंडी चष्म्याला 'चाळिशी' हाच शब्द होता, आणि ते दहा वर्षांच्या मुलाच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणायचे.)

सुती कापड प्लॅस्टिकला ओरखडू शकत नाही, फारच मऊ असतं ते. म्हणजे शर्ट, पदर, रुमाल सगळे निर्दोष! मग? कापडात लपलेला कुणीतरी असला पाहिजे.

आमचं घर चिंचवडला. खिडकीच्या कट्ट्यावर रोज सकाळी करडी धूळ असते. बांधकामं, खडीचे ट्रक, रस्त्याची कामं. ही खडी कसली? आपल्या काळ्या कातळाची, बेसाल्टची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस वाहिला, थरावर थर गोठले आणि इथल्या सह्याद्रीसकट दख्खनच्या पठाराचा मोठा भाग तयार झाला. त्या कातळात फेल्डस्पार नावाचं खनिज भरपूर असतं, आणि मोसच्या रांगेत त्याचा नंबर आहे ६. चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या कितीतरी वर. म्हणजे तुम्ही कोरड्या काचेवर कोरडं कापड फिरवता, तेव्हा खरं तर डायनासोरांच्या काळचा दगड तिच्यावर घासत असता.

भाचीच्या चष्म्याच्या बाबतीत गुन्हेगार त्याहून कठीण निघाला. आम्ही चारही आरोपी काळ्या कागदावर झटकले आणि भिंगातून पाहिलं. पदरातून थोडी धूळ पडली. रुमालातून काहीच नाही. शर्टाच्या टोकातून खडूचा भुगा. बाबांच्या कंपनीच्या शर्टातून मात्र लुकलुकणारे, कोनदार, बारीक कण पडले. भाचीचे बाबा चाकण एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. गाड्यांचे सुटे भाग तिथे घासून, चमकवून पुढे जातात. ग्राइंडिंगच्या चाकात जे कठीण दाणे असतात, ते असतात कुरुंदाचे, कारखान्यात तयार केलेल्या कुरुंदाचे. माणिक आणि नीलमही याच जातीचे. मोसच्या रांगेत कुरुंद ९ नंबरला, हिऱ्याच्या एकच पायरी खाली. इंग्रजांनी कोरंडम हा शब्द उचलला तोसुद्धा आपल्याकडूनच, तमिळमधल्या 'कुरुंदम'वरून.

सेकंड शिफ्ट करून बाबा रात्री उशिरा घरी आले होते. लेक पुस्तकावरच झोपली होती. त्यांनी अलगद चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि टेबलावर ठेवला. गुन्हा तेवढाच. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते एवढे वरमले, की भाचीच त्यांची समजूत घालायला लागली.

मग ते म्हणाले, "खंडेनवमीला या कंपनीत. चरा कसा काढतात ते दाखवतो."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी भोसरी, चिंचवड, चाकण इथल्या वर्कशॉपांमध्ये यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला हळदकुंकू, आणि एरवी गेटच्या आत न येऊ शकणारी घरची मंडळी नवे कपडे घालून हजर. मोशीच्या पुलावरून इंद्रायणी ओलांडून आम्ही चाकणला पोचलो, तर घासून चमक आणायच्या, बफिंगच्या मशीनला हार घातलेला. "आज त्याला सुट्टी," बाबा म्हणाले, "हातानं करू." मला वाटतं त्यामुळेच भाचीला सगळं नीट समजलं. मशीननं दोन मिनिटांत उरकलं असतं.

स्टीलच्या डब्याचं एक जुनं झाकण होतं, त्यावर खिळ्यानं मारलेला खोल चरा. बाबांनी २२० नंबरचा पॉलिश पेपर घेतला. नंबर जेवढा मोठा, तेवढा कण बारीक. २२० चा कण साधारण आपल्या केसाएवढा जाड. त्यांनी झाकण एकाच दिशेनं घासलं, उभं. जरा वेळानं मूळ चरा दिसेनासा झाला, पण सगळं झाकण उभ्या रेघांनी भरून गेलं.

"बाबा, तुम्ही तर जास्तच चरे पाडले!"

"हो, पाडलेच. एक मोठा होता, आता हजार लहान झाले." मग ४०० चा कागद, या वेळी आडवा. "आडवा कशाला? तर आधीच्या उभ्या रेघा संपल्या का, ते कळावं म्हणून. एकही उभी रेघ दिसली, तर काम अर्धवट." नंतर पाणी लावून ८०० उभा, १५०० आडवा, २००० उभा. शेवटी हिरव्या वडीचा बफिंग साबण कापडाला लावून घासलं, आणि झाकणात भाचीचं तोंड दिसायला लागलं.

आता मला सांगा, चरे गेले का?

नाही गेले! प्रत्येक कागदानं मागच्याचे चरे खाऊन स्वतःचे, त्याहून बारीक चरे मागे ठेवले. शेवटचे चरे इतके उथळ नि बारीक, की ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान झाले. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रस्त्यावरची खडी ट्रकच्या चाकाला जाणवत नाही, मुंगीला मात्र तीच खडी टेकडीसारखी वाटते. तसंच प्रकाशाचं. त्याच्या पावलापेक्षा लहान चरा असेल, तर तो त्यावरून बिनदिक्कत निघून जातो. आपण ज्याला चमक म्हणतो, ती असे न जाणवणारे लाखो चरे.

घरी जाऊन स्टीलच्या ताटाकडे बघा म्हणजे पटेल. ताट दिव्याखाली धरलं, की दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल वर्तुळं दिसतात. घासणीनं वर्तुळं काढली असं वाटतं ना? आता ताट हलवा. वर्तुळंही प्रतिबिंबाबरोबर सरकतात! खरं तर ताटावर चरे सगळ्या दिशांना आडवेतिडवे पडलेले असतात. त्यातले जे नेमक्या कोनात असतात, तेवढेच चमकून प्रकाश आपल्या डोळ्यांकडे पाठवतात, आणि ते सगळे मिळून प्रतिबिंबाला वेढा घालताहेत असं दिसतं. मी चाळीस वर्षं ताटात जेवतोय आणि हे मला भाचीबरोबर झाकण घासताना कळलं.

रात्री चष्मा घातल्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याला 'मिशा' फुटतात, ही भाचीची तक्रारही त्याच जातीची. चरा उभा असेल, तर मिशा आडव्या फुटतात, चऱ्याच्या बरोबर काटकोनात. चष्मा फिरवा, मिशाही फिरतात.

तर डोंगर तासण्याचा मार्ग आम्ही पाहिला. भाचीचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: मग चष्मा असाच का नाही घासायचा?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे चष्म्याच्या काचेला अंगावर कपडे असतात, तेही एकावर एक. खाली प्लॅस्टिक. त्यावर चरे कमी पडावेत म्हणून एक कडक लेप, दोन-चार मायक्रॉन जाडीचा. त्यावर चकाकी घालवणारा लेप, ज्याला दुकानात 'एआर कोटिंग' म्हणतात. हा लेप अनेक थरांचा असूनही सगळा मिळून मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास! चष्मा तिरका धरल्यावर हिरवी किंवा जांभळी झाक दिसते ना, ती याची. पावसात ओल्या रस्त्यावर ट्रकमधून डिझेल सांडलं की रंग दिसतात, त्यांच्यामागेही हीच युक्ती. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना भिडतात, कुठे एकमेकींना मारतात, कुठे जोर देतात. जर्मनीच्या झाइस कंपनीत काम करणाऱ्या, युक्रेनमध्ये जन्मलेल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये ही युक्ती भिंगांसाठी वापरली. लेप नसेल, तर साध्या प्लॅस्टिकच्या काचेच्या दोन बाजूंवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो.

आता टूथपेस्ट आठवा. तिच्यात दात घासण्यासाठी बारीक पूड असते. पुष्कळ पेस्टमध्ये ती खडूच्याच जातीची असते, कॅल्शियम कार्बोनेट. मोसच्या रांगेत ३. दातांचं कवच ५ नंबरचं असल्यामुळे दातांना तिचा त्रास होत नाही. पण पुडीचा एकेक कण असतो काही मायक्रॉनचा. म्हणजे ज्या लेपावर आपण ती चोळतो, त्या सगळ्या लेपापेक्षा तो कण कितीतरी जाड! गाडीला असं केलं, तर चालून जातं. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारींवर रंगाच्या वरती जो पारदर्शक थर असतो, तो ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. त्यातले दोन-तीन घासून काढले, तरी शिल्लक पुष्कळ. म्हणून गाडीचं रबिंग-पॉलिशिंग होतं आणि चष्म्याचं होत नाही. भाचीच्या चष्म्यावरचा तो ढग म्हणजे फाटलेला लेप. चष्मा तिरका धरून पाहिला, तर तेवढ्या गोलात हिरवी झाक नव्हतीच. खाण्याचा सोडा चोळला, तरी होणार हेच. काचेवर नक्षी कोरायचं रसायन लावून सगळा लेपच उतरवा, असंही कुणी सांगेल. त्या रसायनाला हातसुद्धा लावू नका. कातडीला आणि डोळ्यांना ते फार घातक असतं.

दुसरं कारण मला जास्त आवडतं, कारण त्यात थोडं गणित आहे. चष्म्याचा नंबर कुठे असतो? काचेच्या बाकात. बाक बदलला की नंबर बदलतो. समजा, चरा घालवायला तुम्ही एक सेंटीमीटर रुंदीची जागा घासली आणि तिथे बशीसारखा खोलगट भाग झाला. किती खोल? फक्त १० मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याएवढा. गणित केलं, तर तेवढ्या जागेचा नंबर सुमारे ०.४ नं बदलतो. चष्म्याचे नंबर ०.२५ च्या पायऱ्यांनी वाढतात, म्हणजे ही झाली दीड पायरीहून जास्त. चरा गेला, पण मधोमध एक भलताच चष्मा तयार झाला!

मग भिंगं आणि आरसे हातानं घासताच येत नाहीत का? येतात की. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. काचेच्या दोन जाड तबकड्या एकीवर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडम नावाची कठीण पूड आणि पाणी, आणि तासन् तास घासत राहायचं. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. बाबांच्या कागदांसारखीच इथेही पूड बारीक बारीक होत जाते. पण चमक येऊन भागत नाही. आरशाचा आकार मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याइतका अचूक यावा लागतो. थोडं घासायचं, तपासायचं, परत घासायचं. स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी बोटावर पेस्ट घेऊन ते जमणं अवघडच. अहो, नासाचंही चुकलं होतं! १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर रुंदीचा आरसा कडेला जेमतेम दोन मायक्रॉननं जास्त सपाट घासला गेला होता. चमक उत्तम, आकार चुकलेला. तारे पुसट दिसायला लागले. १९९३ मध्ये अंतराळवीर वर गेले आणि त्यांनी दुरुस्तीची उपकरणं बसवली. एका अर्थानं हबललाही चष्मा लागला.

आयुकाचं नाव घेतलं, तर अरविंद गुप्ता यांना विसरून चालणार नाही. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवणारे ते हेच, २०१८ चे पद्मश्री. आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात ते २००३ ते २०१४ काम करत होते. पण त्याआधी, तरुणपणी, ते कुठे होते माहीत आहे? टेल्कोत, आपल्या इथे ट्रक बनवत! सायकलच्या व्हॉल्वची नळी आणि आगकाड्या जोडून भूमिती शिकवायची कल्पना एका ट्रक इंजिनिअरची आहे, हे मला फार बरं वाटतं.

प्लॅस्टिकच्या काचेचा जन्मही असाच भलतीकडे झाला. १९४० मध्ये अमेरिकेत एका काच कंपनीचे रसायनतज्ज्ञ नवनवी प्लॅस्टिकं करून बघत होते. ३९ वा नमुना कामाचा निघाला, म्हणून नाव पडलं सीआर-३९. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्या हलक्या करायला ते वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, कॅलिफोर्नियात रॉबर्ट ग्रॅहम यांनी त्याचे चष्मे करायला सुरुवात केली. वजन काचेच्या निम्म्याच्या आसपास, आणि पडलं तर सहसा फुटत नाही. बदल्यात चरे स्वीकारायचे.

कंपनीत बाबांनी त्यांचा सेफ्टी गॉगल दाखवला. तो पॉलिकार्बोनेटचा, आणखी चिवट. हातोडी मारली, तरी सहज फुटत नाही. पण वर लेप नसेल, तर नुसत्या धुळीनं चरे पडतात. चिवट असणं आणि कठीण असणं वेगळं. काच कठीण असते पण ठिसूळ, हे उलटं. गॉगलवर इतके चरे होते, की पलीकडचा हार धूसर दिसत होता.

"यातनं दिसतं तुम्हाला?" भाचीनं विचारलं.

"नाही ना. म्हणून कधीकधी कपाळावर सरकवतो."

तसाच सरकवलेला असताना दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यात कण गेला होता. डॉक्टरांनी तो काढला, औषध घातलं, आणि दोन दिवसांत डोळा बरा. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, पारपटलावर, चरा पडला होता. तो भरून आला, कारण पारपटलाच्या वरच्या थरातल्या पेशी सरकत येऊन दरी झाकतात आणि मागून नव्या तयार होतात. एरवीही आठ-दहा दिवसांत तो सगळा थर नवा होत असतो. हे सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पडद्यात! एवढी चाकण-पिंपरीची कारखानदारी, हजारो बफिंगची चाकं, पण आपला चरा आपणच भरणारी पारदर्शक काच पाहायची, तर आरशात स्वतःचा डोळा पाहावा. (खोलवर जखम झाली, तर मात्र तिथेही पांढरा डाग राहतो. डोळ्यात कण गेला, तर चोळू नका. पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.) चऱ्यांनी भरलेला गॉगल कंपनीनं बदलून द्यायला हवा, हे माझं मत मी तिथेच मांडलं. पुढच्या सोमवारी नवा मिळाला.

भाचीच्या चष्म्याचं काय झालं? आईला अर्थातच कळलं. दुकानात नेला, तर नंबरच उणे १.२५ वरून उणे १.५ झालेला निघाला. काच बदलायचीच होती. जुनी काच आता माझ्या खणात आहे. तिच्यावर तेलाचा थेंब टाकला की चरा अजून लपतो, पुसला की परत येतो. एखाद्या सुट्टीत चिंचवडच्या सायन्स पार्कला जाऊ तेव्हा ती बरोबर नेणार आहोत, तिथल्या प्रयोगांत कुठे बसते का बघायला.

चष्मा पुसायची घरातली पद्धत बदलली. आधी नळाखाली धरायचा, गार पाण्याच्या धारेत. धूळ वाहून जाऊ द्यायची. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही बाजू हलक्या हातानं चोळायच्या, धुवायच्या, मग धुतलेल्या मऊ कापडानं टिपायच्या. गरम पाणी नको, आणि उन्हात उभ्या गाडीत चष्मा ठेवणंही नको. तापल्यावर प्लॅस्टिक जास्त फुगतं, वरचा लेप तेवढा फुगत नाही, आणि मग त्याला बारीक तडे जातात. बाबा घरी आले की आधी शर्ट बदलतात.

आजी मात्र अजूनही पदरानंच पुसते. आधी नळाखाली धरून.